एक ओळ चुकली, कांदा करपला

गेल्या रब्बीत खेड तालुक्यातल्या एका गावात शिवारफेरीला गेलो होतो. एका शेतकऱ्याचा कांदा शेंड्यापासून पांढरा पडत चाललेला. करपा म्हणावा तर पातीवर ठिपके नाहीत, फुलकिडे म्हणावेत तर तेही नाहीत. बांधावर तणनाशकाची रिकामी बाटली दिसली.

"आण्णा, प्रमाण किती धरलं?"

"पत्रकावर लिहिलंय तेवढंच, साहेब."

पत्रक उघडलं. मुंगीएवढी अक्षरं, पिकांची लांबलचक यादी. आण्णांनी बोट ठेवलं ते कांद्याच्या ओळीवर नाही, तिच्या खालच्या ओळीवर. दुसऱ्या पिकाचं प्रमाण कांद्यावर गेलं होतं.

"चष्मा कुठाय?"

"कशाला चष्मा? तुमची मोटारसायकल मी फाट्यावरनंच ओळखली की!"

शेतकरी बंधू-भगिनींनो, घोटाळा इथेच आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. लांबचं स्वच्छ दिसतं, पण जवळचं अंधुक होतं. हा रोग नव्हे, वयाचा धर्म आहे. आपल्या भाषेत त्या चष्म्याचं नावच 'चाळिशी' आहे. तरीही पन्नाशी उलटलेली माणसं ती न लावता औषधाची पत्रकं वाचतात.

आण्णांची थोरली मुलगी ऑप्टोमेट्रीची पदवी घेऊन आता एम.ऑप्टम. करते आहे. बापाचा कांदा करपल्यावर तिनं हाच विषय प्रबंधाला धरला. चाळिशी ओलांडलेल्या किती शेतकऱ्यांना फवारणीचं पत्रक वाचता येतं, किती उजेडात आणि केवढ्या अक्षरात? आण्णांना मात्र काळजी पडली आहे. ते मला म्हणाले, "साहेब, चष्म्याचा नंबर काढायला एवढं शिकावं लागतं का? आता म्हणते पीएचडी करायची. अजून किती वर्षं?"

हा प्रश्न एकट्या आण्णांचा नाही. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कोण काय करतो?

चष्मा बनवून देणारा तो चष्मेवाला. एम.बी.बी.एस. होऊन डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आणि मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करणारा तो नेत्रतज्ज्ञ. या दोघांच्या मधला ऑप्टोमेट्रिस्ट. तो नजर तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स देतो, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे पडद्यावर झालेल्या बिघाडाची शंका आली तर वेळेवर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. पूर्वी हे काम बहुतेक पदविकेवर चालायचं. आपल्या देशात ४ वर्षांच्या पदवीची वाट १९८५ मध्ये चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने घालून दिली. आज आपल्या दारात, पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठात पदवीबरोबर एम.ऑप्टम.चीही सोय आहे. चाकणच्या पोरीला चेन्नई गाठायची गरज उरलेली नाही.

किती वर्षं लागतात?

बारावी विज्ञान झाल्यावर बी.ऑप्टम. आजवर बहुतेक ठिकाणी ३ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष प्रत्यक्ष काम अशी ४ वर्षं. त्यापुढे एम.ऑप्टम. २ वर्षं. त्यात वरच्या दर्जाची तपासणी शिकायची आणि एक प्रबंध लिहायचा. त्यापुढे पीएचडी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तिला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. आधी संशोधनपद्धतीचा अभ्यास, मग स्वतःचं संशोधन, शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा.

आपल्या भाषेत सांगायचं तर मी कृषी पदविकाधारक, शिफारस तुमच्या बांधावर पोचवतो. पण ती शिफारस कुणीतरी राहुरीच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं प्लॉट घेऊन ठरवलेली असते. नंबर काढणं आणि डोळ्यांवर संशोधन करणं यात तेवढाच फरक. नुसतं दुकान थाटायचं असेल तर पीएचडीची गरज नाही. शिकवायचं असेल, नवीन काही शोधायचं असेल तर ती वाट धरावी.

चष्म्याचाही प्रयोग-प्लॉट असतो

आसामच्या चहामळ्यांत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात छापून आला. जवळचं कमी दिसणारे, ४० वर्षांवरचे ७५१ मजूर घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला लगेच मोफत चष्मा दिला, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. रोज खुडलेल्या पानांचं वजन केलं. चष्मेवाल्या गटाची वाढ दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त निघाली. खत नाही, पाणी नाही, नुसता साधा चष्मा! पण हे कुणीतरी मोजलं म्हणून छातीठोकपणे सांगता येतं.

आपल्या पट्ट्यात मोजायला विषय थोडे आहेत का? भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वेल्डिंग करणारी, ग्राइंडरवर उभी राहणारी पोरं आपल्याच गावांतली. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि सकाळी परत कामावर. मालाची तपासणी करणाऱ्यांना दिवसभर बारीक नजर लावावी लागते. इकडे औषधाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा त्रिकोण असतो. तांबडा सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यांत सौम्य. ज्याला जन्मतः तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि हा दोष पुरुषांतच जास्त, त्यानं काय करायचं? हे प्रश्न मुंबई-दिल्लीच्या विद्यार्थ्याला सुचायचे नाहीत. ज्याच्या बापाचा कांदा करपला, त्यालाच सुचतील.

पैसे भरण्याआधी विचारा

गुंठा विकून फी भरणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणून सांगतो:

१) पदवी कोणतं विद्यापीठ देणार? ते अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? नुसत्या 'संलग्न' शब्दावर भुलू नका.

२) संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा कायदा झाला. ऑप्टोमेट्री त्यात येते. अभ्यासक्रमाचा कालावधी आणि नोंदणी आता या कायद्याच्या आयोगाच्या नियमांवर ठरते. प्रवेशाच्या वर्षीचा नियम लेखी मागा.

३) संस्थेला स्वतःचं नेत्र रुग्णालय जोडलेलं आहे का? रुग्ण नाहीत तिथं शिकणार काय?

४) पीएचडीला मार्गदर्शक कोण? त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का? आधी हे पाहा, मग अर्ज भरा.

५) बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या असतात. अटी बदलत राहतात, जाहिरात नीट वाचा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. असे विद्यार्थी गावात पाहणीला आले तर चावडीवर किंवा शाळेत खोली द्या, दवंडी द्या. मात्र त्यांच्याकडे संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीत संमतीपत्र आहे का, ते आधी पाहा. वाचून दाखवल्याशिवाय कुणी अंगठा देऊ नये. तपासणीत दोष निघालेल्यांना पुढं कुठं पाठवणार, हेही विचारा. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना आधी कळवलं तर सोय होते.

आण्णांचा त्या हंगामातला कांदा काही परत आला नाही. बियाणं, लागण, खुरपणी, सगळं अंगावर पडलं. पण आता त्यांची चाळिशी फवारणीच्या पंपाशेजारी खुंटीला टांगलेली असते. परवा गेलो तेव्हा मुलीच्या प्रवेशाचं माहितीपत्रक तोच चष्मा लावून, बोट ठेवून, ओळ न् ओळ वाचत बसले होते. 'कमीत कमी ३ वर्षं' या शब्दांवर बोट थांबलं. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.