खरे बोलणाऱ्या चोराची गोष्ट

"कायदा पहिला : संध्याकाळी सातनंतर या राज्यात कोणीही दूध प्यायचं नाही. कायदा दुसरा : राजाच्या विनोदाला जो हसणार नाही, त्याने अंगणाला पाच फेऱ्या मारायच्या!"

भिलाईच्या नेहरू नगरात माझ्या मावशीकडे त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि व्हरांड्यात नातवंडांचे राज्य सुरू झाले होते. राजा नऊ वर्षांचा, प्रजा सात वर्षांची. पहिला कायदा प्रजेला फारच आवडला. दुसऱ्यापाशी मात्र ती अडून बसली. "विनोद चांगला नसला तर? खोटं खोटं हसायचं?"

मावशी हसली. पोलाद कारखान्याच्या या गावात तिचा सारा संसार झाला. तिच्या मराठीत आता अधूनमधून छत्तीसगढी डोकावते. म्हणाली, "इकडे या, तुम्हाला आपल्या भिलाईच्या चोराची गोष्ट सांगते."

हा चोर म्हणजे हबीब तन्वीर यांचा 'चरणदास चोर'. मूळ कथा विजयदान देथा यांनी राजस्थानी लोककथेवरून लिहिलेली. रायपूरच्या हबीबजींनी ती छत्तीसगढी बोलीत, नाचा कलावंतांना घेऊन उभी केली. तिचे पहिले, अर्धेकच्चे रूप भिलाईतल्या एका शिबिरात आकाराला आले आणि उघड्या मैदानावर सतनामी प्रेक्षकांसमोर सादर झाले. सतनामी हा सत्यालाच ईश्वर मानणारा, गुरू घासीदासांचा पंथ. असे प्रेक्षक समोर असल्यावर खरे बोलणारा चोर त्यांना आपलासा वाटला नसता तरच नवल!

चरणदास गुरूंसमोर थट्टेथट्टेत शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. चोराला हे सारे कोण देणार? गुरू आणखी एक शपथ घालतात, खोटे न बोलण्याची. पुढे तो राज्याच्या खजिन्यातून पाच मोहरा चोरतो. खजिनदार मोका साधून स्वतः पाच लांबवतो आणि दहा चोरीला गेल्याचे सांगतो. चोर दरबारात येऊन शांतपणे म्हणतो, मी पाचच घेतल्या. साऱ्या राज्यात प्रामाणिक निघाला तो चोर! राणी भाळते. हत्ती येतो, सोन्याचे ताट येते, शेवटी लग्नाची मागणीही येते. तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. निदान ही गोष्ट बाहेर बोलू नकोस, अशी राणी विनवणी करते. पण कोणी विचारले तर तो खोटे कसे सांगणार? राणी त्याला ठार करवते. चोरीबद्दल नव्हे, खरे बोलण्याबद्दल.

नाटक पूर्ण रूपात रंगभूमीवर आले ते १९७५ साल. त्याच वर्षी २५ जूनला देशात आणीबाणी लागू झाली. काल्पनिक देशातल्या सत्तेची टवाळी करणाऱ्या अमृत नहाटांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती त्या काळात जप्त होऊन नष्ट झाल्या. १९७८ मध्ये तो नव्याने काढावा लागला.

आपण मराठी माणसांनी मात्र मान ताठ करायचे कारण नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मधल्या पुण्यात परवान्याशिवाय प्रेतही जाळता येत नाही. १९७२ च्या डिसेंबरात हे नाटक आले आणि १९ प्रयोगांनंतर ज्या संस्थेने ते बसवले तिनेच बंद केले. कलावंतांनी थिएटर अकादमी काढून १९७४ मध्ये ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये नाटक युरोपला निघाले तेव्हा विरोध एवढा पेटला की, हा इतिहास नव्हे असा खुलासा प्रत्येक प्रयोगाआधी करण्याची अट मान्य करावी लागली. परवान्यांची खिल्ली उडवणाऱ्या नाटकालाच परवाना!

आणि चरणदास? १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याने पुरस्कार मिळवला, देशोदेशी हिंडला. ८ जून २००९ रोजी हबीबजी गेले. पुढच्या काही आठवड्यांतच छत्तीसगड सरकारने नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. आक्षेप सतनामी समाजातूनच आला होता. पुस्तकातल्या मजकुराने समाजाचा अवमान होतो, असे म्हणणे होते. दुखावलेल्या मनाला हसण्यावारी नेऊ नये हे खरे, पण ज्यांच्या समोर हा चोर पहिल्यांदा खरे बोलला, त्यांच्याच नावाने त्याचे तोंड बंद व्हावे हे मला आजही पचत नाही.

गोष्ट संपली तेव्हा वीज आली होती. प्रजा विचारात पडलेली. "आजी, तो खरं बोलतो हे राणीला आवडलं होतं ना? मग मारलं कशाला?"

"तिला आवडलं होतं गं," मावशी म्हणाली. "तिच्याबद्दल बोलायची वेळ येईपर्यंत."

राजाने बराच विचार करून दुसरा कायदा मागे घेतला. दुधाचा मात्र कायम ठेवला.