गाडी पहाटे उठेना, स्टीअरिंगचे तेल थांबेना : आधी दोष शोधा, मग भाग बदला

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)

ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे. गाडीच्या इंजिनात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण ऊस तोडला म्हणजे आपले काम संपले असे होत नाही. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते. कांड्यातील साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, आणि त्याचा दाणा काही पडत नाही. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असा आपला आग्रह असतो. काट्यावरची वजनाची घट त्या सभासदाच्या पदरात पडते. उताऱ्याची घट मात्र सर्वांच्याच पदरात पडते, कारण एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे.

आता फडात टोळी आहे, मोळ्या बांधून पडल्या आहेत आणि गाडी चालू होत नाही, म्हणजे सगळे गणित बसले. आपल्याकडे जुन्या डिझेल जीपा, पिकअप आणि मालट्रक अजून भरपूर आहेत. हंगामात त्यांच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. एक, थंडीत गाडी चालू होत नाही. दुसरी, पॉवर स्टीअरिंगचे तेल गळते. दोन्हींत आपली रीत एकच: दुकानात जायचे, नवा भाग आणायचा, बसवायचा आणि आठवड्याने पुन्हा तेच. पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी मुळाशी पाणी साचले आहे का, हुमणी आहे का, ते बघतो. गाडीलाही तोच न्याय लावावा.

पहाटेची तक्रार : हीटर प्लग

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली ज्या इंजिनाचे पेटंट मिळवले त्यात ठिणगी टाकणारा प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती खूप तापावी आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेटावे, हे त्याचे तत्त्व. जुन्या लहान इंजिनांत तेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या छोट्या खोलीत फवारतात. महिंद्राच्या जुन्या जीपमधले प्यूजो बनावटीचे एक्सडीपी ४.९० इंजिन या जातीचे. थंडीत या खोलीच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता पिऊन टाकतात. ती भरून काढायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. मोठ्या मालट्रकांच्या थेट फवारणीच्या जुन्या इंजिनांना बहुधा हीटर प्लग नसतोच. तेव्हा आपल्या गाडीला तो आहे की नाही, हे पहिले बघा.

मग धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा आणि पंपाचा बंद-चालू करणारा सोलेनॉइड तपासा. तिथे हीटर प्लगचा काही दोष नाही. गाडी थंडीत त्रास देते पण दुपारी गरम असताना अर्ध्या सेल्फला चालू होते, असे असेल तरच हीटर प्लगवर संशय घ्यावा. गरम असतानाही कुरकुर करीत असेल तर कॉम्प्रेशन किंवा पंप, असे समजा.

यापुढची तपासणी या क्रमाने करावी :

१) बॅटरी. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी साफ करा. इंजिन सावकाश फिरले तर नवे प्लग घालूनही हवा तापणार नाही.

२) प्लगपर्यंत वीज येते का? एका दिव्याला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करा. गाडी २४ व्होल्टची असेल तर दिवाही २४ व्होल्टचाच घ्या. लॅम्पचे एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरे प्लग जोडणाऱ्या पट्टीला लावून चावी फिरवा. दिवा लागला नाही तर फ्यूज, रिले किंवा वायर बघा. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा लागला म्हणून प्लग तापलेच असे समजू नका. तो दिवा वेगळा, प्लग वेगळे.

३) प्रत्येक प्लग वेगळा तपासा. चावी बंद करून पट्टी काढा. लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या अधिक टोकाला धरा आणि दुसरे एकेका प्लगच्या माथ्याला लावा. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे. नाही लागला तर तो प्लग मेला. मीटर असेल तर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. फार जुन्या इंजिनांत दोन टोकांचे प्लग माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतला एक गेला की सगळेच विझतात, आणि असा एकटा प्लग थेट १२ व्होल्टला लावला तर जळतो. तिथे ही परीक्षा लॅम्पने करू नका, मीटरनेच करा.

४) काढलेल्या प्लगचे टोक बघा. ते नुसते काळे असेल तर ठीक. फुगले, वितळले किंवा झडले असेल तर तेल नीट फवारले जात नाही, टायमिंग चुकले आहे किंवा प्लग फार वेळ तापवला जातो. ते कारण न काढता नवा प्लग घातला तर तोही जाणार.

प्लग काढताना इंजिन कोमट असावे आणि पाना सावकाश फिरवावा. अडकला तर गंज सोडवणारे तेल टाकून वाट बघा. टोक तुटून हेडमध्ये राहिले तर हेड उतरवण्यापर्यंत काम जाते.

आता दोन गोष्टी हात जोडून सांगतो. रिले गेला म्हणून कित्येक जण हॉर्नचे बटण आणि बारीक वायर लावून प्लगला थेट करंट देतात. चार प्लग मिळून सुरुवातीला ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतात. ती वायर तापते, वितळते आणि गाडी पेटू शकते. दुसरी गोष्ट, हीटर प्लग असलेल्या इंजिनच्या हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा किंवा पेट्रोलचा बोळा कधीही धरू नका. तापलेल्या प्लगवर तो भडका आतल्या आत उडतो आणि हवेचा पाइप माणसाच्या तोंडावर फुटतो. इंजिनखाली चिपाडे पेटवून शेक देण्याची चालही बंद करावी. वर डिझेल आहे आणि मागे पाचट आहे, हे विसरू नये.

दुसरी तक्रार : स्टीअरिंगचे तेल

हीटर प्लगचा दोष एक दिवस पुढे ढकलता येतो. उतारावर गाडी लावली, धक्का मारला, वेळ निभावली. स्टीअरिंगच्या गळतीला मात्र ही सवलत नाही. भरलेली उसाची गाडी वळणावर असताना मदत सुटली तर चाक एकाएकी जड होते. जोड यांत्रिक असल्यामुळे चाके वळतात खरी, पण तितका जोर ड्रायव्हरच्या दंडात त्या क्षणी असेलच असे नाही. आणि समोरून कोणाचे तरी पोर सायकलवर येत असते. काही ट्रॅक्टरांत तर स्टीअरिंगपासून चाकापर्यंत यांत्रिक जोडच नसतो, सगळी भिस्त तेलावर असते. तिथे गळती दिसली की गाडी उभी करायची.

गळती शोधण्याची रीत अशी. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा. काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर रेडिएटर, तांबडे तेल असेल तर बहुधा स्टीअरिंग. डाग कोणत्या भागाखाली आहे तेही लक्षात ठेवा. मग पंप, पाइप आणि स्टीअरिंग बॉक्स साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवा आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरा. इंजिन चालू करून एकाला स्टीअरिंग दोन्ही बाजूंनी फिरवायला सांगा, मात्र शेवटच्या टोकाला ते चार-पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नये. इंजिन बंद करून बघा, पावडर कुठे ओली झाली. तेल खाली आणि मागे ओघळते, म्हणून सर्वांत वरचा ओला ठिपका हेच उगमस्थान.

बहुतेक वेळा उगम या पाच ठिकाणी सापडतो : परतीच्या पाइपची ढिली क्लिप, दाबाच्या पाइपचा दाबून बसवलेला सांधा, पंपाच्या शाफ्टचे सील, टाकीचे रिंग-झाकण आणि स्टीअरिंग बॉक्सच्या तळाशी पिटमन आर्म बसतो तिथले सील. तेल जास्त भरल्यामुळे गरम होऊन झाकणातून उतू जात असेल तर ती गळती नव्हे. दांडीवरच्या खुणेपर्यंतच तेल ठेवा. तेलात फेस येतो आणि पंप गुरगुरतो, पण खाली थेंब नाही, असे असेल तर टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप हवा ओढतो आहे.

चालू इंजिनवर गळती हाताने चाचपू नका. दाबाच्या पाइपात दर चौरस सेंटीमीटरला १०० किलोच्या घरात दाब असतो. सुईएवढ्या भोकातून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण आतले मांस सडते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, ताबडतोब इस्पितळात जा आणि दाबाचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना सांगा. चाचपायचेच तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

क्लिप ढिली असेल तर ती आवळून काम होते. दाबाचा पाइप गेला असेल तर त्याच मापाचा, त्याच दाबाचा पाइप घाला. पाण्याचा रबरी पाइप क्लिप लावून बसवला तर तो फुटतो आणि तेल गरम सायलेन्सरवर पडून आग लागते. सील बदलताना शाफ्ट बोटांनी हलवून बघा. बुश झिजले असेल किंवा शाफ्टला गंजाचे खड्डे असतील तर नवे सील महिनाभरही टिकणार नाही. टाकीत ब्रेक ऑइल कधी घालू नये, त्याने रबरी सील फुगून खराब होतात. गळती थांबवण्याची जी बाटलीतली औषधे मिळतात ती रबर मऊ करून चार दिवस काढतात, इलाज करीत नाहीत.

आणि मुळाशी आणखी एक गोष्ट असते. पुढच्या टायरांत हवा कमी, किंगपिनला ग्रीस नाही आणि वर क्षमतेपेक्षा जास्त ऊस, अशा गाडीत पंप दिवसभर पूर्ण दाबावर राबतो. मग सील तरी किती दिवस धरणार? ग्रीस, हवा आणि बेताचा भार या तीन गोष्टी सीलच्या किमतीपेक्षा स्वस्त आहेत.

काम झाल्यावर पुढची चाके जॅकवर उचला आणि खाली लाकडी ठोकळे द्या, दगड नकोत. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा आणि तेल खुणेपर्यंत भरीत जा. आतली हवा निघाली की मगच इंजिन चालू करा.

सभासद बंधूंनो, गाडी स्वतःची असो वा भाड्याची, तोडीची पाळी येण्याच्या आधी एक सकाळ तिच्यासाठी काढा. एक टेस्ट लॅम्प, एक पुठ्ठा आणि थोडी पावडर, एवढेच भांडवल लागते. दोष सापडला की मिस्त्रीला नेमके ठिकाण दाखवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचा पैसा वाचेल. फडातला ऊस वेळेवर काट्यावर येईल आणि गाडीवर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईल.