चहाची शर्यत आणि तुटलेलं सुकाणू

मागच्या वेळी आपण चहाच्या व्यापारापाशी थांबलो होतो. आज त्या व्यापारासाठी बांधलेलं एक वेगवान शिडाचं जहाज घेऊ: 'कटी सार्क' नावाचं क्लिपर. चीनमधला नवा चहा लवकरात लवकर लंडनला पोचवायचा, हेच त्याचं काम.

1872 मध्ये शांघायहून 'थर्मॉपिली' या दुसऱ्या क्लिपरशी शर्यत लागली. हिंदी महासागरात कटी सार्क पुढे होतं, आणि वादळात सुकाणूच गेलं! मालकाचा भाऊ जहाजावर होता. तो म्हणाला, जवळचं बंदर गाठा. कप्तान मूडी ऐकेना. मग हेलकावणाऱ्या डेकवर भट्टी पेटवून सुताराने कामचलाऊ सुकाणू तयार केलं. पुढे तेही निकामी झालं, पुन्हा दुरुस्त करून बसवलं. लंडनला आठवडाभर उशीर झाला. याला हरणं म्हणायचं का? आम्हाला तरी तसं वाटत नाही.

खरी मात सुएझने केली. कालवा खुला झाला 17 नोव्हेंबर 1869ला, कटी सार्क पाण्यात उतरलं 22ला. पाचच दिवसांचं अंतर! तांबड्या समुद्रातलं वारं शिडांना साथ देत नाही. आगबोटींना त्याची काय फिकीर? 1877 नंतर कटी सार्कला चहा मिळाला नाही. मग मिळेल तो माल, अगदी कोळसासुद्धा. 1883 पासून ऑस्ट्रेलियाची लोकर मिळाली, आणि 1885 मध्ये सिडनीहून इंग्लंड या जहाजाने 73 दिवसांत गाठलं.