जात्यावरचे मन आणि बांधावरचे मन

स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात उठणाऱ्या भावना वेळीच ओळखणे, त्या कशातून उपजल्या हे समजून घेणे आणि त्या समजुतीच्या आधारे आपल्या विचाराला व वागण्याला वळण देणे, या क्षमतेला मानसशास्त्रात भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून ही संज्ञा इतकी सैलपणे फिरली आहे की गोड बोलणे, सदैव हसतमुख राहणे आणि राग आला तरी तो गिळून टाकणे, एवढाच तिचा अर्थ अनेकांच्या मनात घट्ट बसला आहे. तो अर्थ अपुरा आहे, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे बहुतांश कुटुंबांचे वर्षभराचे गणित जून-जुलैच्या पावसावर मांडलेले असते, तिथे तो घातकही ठरू शकतो. कारण राग आणि दुःख गिळण्याची सवय इथल्या माणसाला मुळातच पुष्कळ आहे, उणीव आहे ती त्यांना ओळखून वाट करून देण्याची.

या कल्पनेची मुळे बरीच मागे जातात. माणसे समजून घेण्याच्या शहाणपणाला एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये सामाजिक बुद्धिमत्ता म्हटले होते, आणि हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बुद्धिमत्ता एक नसून अनेक असतात असे मांडताना स्वतःला जाणण्याची आणि इतरांना जाणण्याची अशा दोन बुद्धिमत्ता वेगळ्या काढल्या. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय व्याख्या केली. ती जगभर पोचली मात्र डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकामुळे. या प्रसिद्धीबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. आयुष्यातल्या यशात बुद्ध्यंकाचा वाटा सुमारे 20 टक्के असतो, असे गोलमन यांनी लिहिले होते. उरलेले 80 टक्के म्हणजे भावनिक बुद्धिमत्ताच, असा हिशेब वाचणाऱ्यांनी आणि शिबिरे भरवणाऱ्यांनी परस्पर करून टाकला. त्या उरलेल्या भागात जन्माचे घर, जात, जमीन, शिक्षणाची संधी, आरोग्य आणि निव्वळ योगायोग हे सगळे येते, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत पाऊस व बाजारभावही येतात, ही गोष्ट पुढचे सर्व विवेचन वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

मेयर आणि सॅलोव्हे यांनी 1997 मध्ये या क्षमतेचे चार पदर सांगितले: भावना ओळखणे, भावनेचा विचाराला उपयोग करून घेणे, भावनांची कारणे व त्यांचे एकमेकींत होणारे रूपांतर समजणे, आणि भावनांचे नियमन करणे. हे चारही पदर परभणीच्या काळ्या रानात पेरणीच्या दिवसांत जितके स्पष्ट दिसतात तितके ते क्वचितच कुठे दिसत असतील. मृगाचा पहिला पाऊस पडतो, जमीन वरवर ओलावते, आणि शेजारच्या शिवारात कुणीतरी चाड्यावर मूठ धरल्याचे कानावर येते. परभणीत 1972 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, म्हणजे आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला वर्षानुवर्षे देत आले आहे, आणि हा सल्ला ठाऊक नसलेला शेतकरी आता शोधूनही सापडायचा नाही. तरीही बियाण्याच्या पिशव्या फुटतात. तिथे माहिती कमी पडलेली नसते. मागे राहण्याची धास्ती आणि गतवर्षीचे नुकसान एकदाचे भरून काढण्याची घाई यांनी माहितीवर मात केलेली असते. भावना एका माणसाकडून दुसऱ्याकडे नकळत पसरते, याला मानसशास्त्रात भावनिक संसर्ग म्हणतात, आणि तो शिवारभर पसरायला एक दुपार पुरते. ‘ही घाई रानातल्या ओलीमुळे आहे की शेजाऱ्याच्या तिफणीमुळे?’ एवढा प्रश्न जो शेतकरी त्या दुपारी स्वतःला विचारू शकतो, त्याने पहिला पदर साधला, आणि ती धास्ती ओळखून चार बोटे माती उकरून ओल पाहायला जो वाकतो, त्याने दुसराही साधला.

पुढचे दोन पदर अधिक अवघड आहेत. पावसाने ओढ दिली, कोंब करपले आणि दुबार पेरणीचे संकट उभे राहिले, की घरात बहुधा दिसतो तो राग: भाजीत मीठ कमी पडल्याचा, मुलाने वहीसाठी पैसे मागितल्याचा, बायकोने माहेरच्या लग्नाचा विषय काढल्याचा. हा राग खरा असतो, पण तो पहिला नसतो. त्याच्याआधी कृषी सेवा केंद्रातल्या उधारीची शरम असते, त्या शरमेच्या आधी आपला निर्णय चुकल्याचा सल असतो आणि सगळ्यांच्या तळाशी उद्याची भीती असते. भीतीची शरम आणि शरमेचा राग होताना वेळ इतका थोडा जातो की ज्याच्या मनात हे घडते त्यालाही शेवटचा राग तेवढा कळतो. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या रागाला रागानेच उत्तर दिले, तर भांडण मिठावरून होते आणि भीती जिथल्या तिथे राहते. “जेवून घ्या, मग बियाण्याचं काय करायचं ते दोघं मिळून बघू,” असे जी बायको म्हणते, तिने रागाच्या मागचे वाचलेले असते. अशा बायका या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आहेत; त्यांच्या या जाणतेपणाला बुद्धी म्हणण्याची रीत मात्र अजून पडलेली नाही.

भावनेला नेमके नाव दिल्याने काय होते, याचा शोध मेंदूविज्ञानानेही घेतला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना भेदरलेल्या वा संतापलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देण्यास सांगितले असता मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाची, जो धोक्याची चाहूल लागताच सक्रिय होतो, हालचाल कमी झाल्याचे आणि कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाची वाढल्याचे आढळले. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या अभ्यासातून यापुढची गोष्ट समोर आली, ती अशी की भावनांमध्ये बारीक भेद करता येणारी माणसे त्या अधिक चांगल्या हाताळू शकतात. गावोगाव आज एकच शब्द सर्वांवर चालतो, तो म्हणजे ‘टेन्शन’. बँकेच्या नोटिशीचे टेन्शन, मुलीच्या लग्नाचे टेन्शन, दहावीच्या निकालाचे टेन्शन. पण नोटिशीने धास्ती वाटते, लग्नाने काळजी वाटते आणि निकालाने कदाचित हिरमोड झालेला असतो, आणि या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. धास्तीला माहिती लागते, काळजीला नियोजन लागते, हिरमोडाला फक्त कुणीतरी जवळ बसणे पुरते.

या भूमीला मनाशी बोलण्याची कला नवी नाही. गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या या बाईने दळण, कांडण, झाडलोट आणि शेणी वेचणे यांतून वेळ काढून नव्हे, तर ही कामे करता करताच आपले मन अभंगांतून उघडे केले. तिच्या अभंगांतली माया आणि लीनता सर्वांना ठाऊक आहे. तितकीच लक्षणीय आहे ती विठ्ठलावर रागावण्याची, त्याला खडे बोल सुनावण्याची आणि आपले एकटेपण लपवून न ठेवण्याची तिची मुभा. रागाला लाज न मानता तो नेमक्या माणसापाशी, किंवा देवापाशी, नेमक्या शब्दांत पोचवणे आणि तरीही नाते तुटू न देणे, ही भावनिक नियमनाची फार वरची पायरी आहे, आणि ती एका शूद्र दासीने तेराव्या-चौदाव्या शतकात गाठली होती.

जनाबाईंनंतरही जाते बोलते राहिले. पहाटेच्या अंधारात दोघी जावा किंवा मायलेकी समोरासमोर बसून दळायच्या, आणि सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीची काळजी या साऱ्याला ओवीत जागा मिळायची. दिवसा जे बोलणे शक्य नव्हते ते दळताना म्हणता येत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आता पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या प्रसिद्ध करत आहे. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. या ओव्यांना लोकसाहित्य म्हणून मान मिळाला, पण त्या मानसिक आरोग्याची व्यवस्थाही होत्या हे सहसा सांगितले जात नाही. एकीची ओवी दुसरी उचलून पुढे नेत असे, म्हणजे दुःख ऐकलेही जात असे. गावात पिठाची गिरणी आली आणि बाईच्या पाठीचे ओझे हलके झाले, हे फार चांगले झाले. त्याबरोबर बोलण्याची ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी उभी केली नाही.

पुरुषाला तर अशी जागा पूर्वीही फारशी नव्हती. पार होता, चहाचे हॉटेल होते, भजनाची रात्र होती. पण पारावर पाऊसपाणी, बाजारभाव आणि राजकारण बोलायचे असते, स्वतःची भीती नव्हे. बांधावर एकटा बसलेला शेतकरी तिथेही भावना दाबतच असतो, कारण गडी माणसाने रडायचे नसते हे त्याच्या कानावर पोरवयापासून पडलेले असते. या दाबण्याची किंमत काय असते हे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे. अस्वस्थ करणारे दृश्य पाहताना चेहऱ्यावर काहीही न दाखवण्यास सांगितलेल्या माणसांच्या मनातली अस्वस्थता कमी झाली नाही, शरीरावरचा ताण उलट वाढला, आणि पुढच्या प्रयोगांत असे आढळले की भावना दाबण्यात गुंतलेल्यांना त्या वेळी पाहिलेले-ऐकलेले कमी आठवते. ज्या माणसाला पुनर्गठनाच्या अटी, विम्याची मुदत आणि हप्त्याची तारीख ध्यानात ठेवायची आहे, त्याच्यासाठी हा तोटा लहान नाही.

याला ग्रॉस यांनी सांगितलेला पर्याय म्हणजे पुनर्मूल्यांकन, अर्थात घटनेकडे पाहण्याची दृष्टी बदलून भावनेची तीव्रता बदलणे. याच जातकुळीचा विचार अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून मांडला आणि मराठी वाचकांपर्यंत तो पोचवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा फार मोठा आहे. एलिस यांचे म्हणणे असे की घटना थेट भावना घडवत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचा आपला समज उभा असतो. ‘यंदा पीक बुडाले’ ही घटना आहे, ‘म्हणून मी बाप म्हणून नालायक ठरलो’ हा समज आहे, आणि माणसाला खचवतो तो हा दुसरा. हा समज खोडून काढला तरी दुःख उरतेच, आणि ते उरणे योग्यही आहे, कारण पीक खरोखरच बुडालेले असते. फक्त त्या दुःखात उद्या सकाळी उठून तलाठ्याकडे जाण्याचे बळ शिल्लक राहते.

राज्य शासनाने 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या 14 जिल्ह्यांत सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात परभणीसह मराठवाड्यातले आठही जिल्हे होते. गावातल्या आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन मानसिक ताणाची लक्षणे असलेली माणसे हेरायची, आणि त्यांना समुपदेशनापर्यंत व गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयातल्या उपचारांपर्यंत पोचवायचे, अशी त्याची मांडणी होती. या मांडणीतली खरी सूज्ञता अशी की तिने दवाखाना उंबऱ्यापर्यंत आणला. नैराश्य पारखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, कामातले लक्ष, स्वतःविषयी वाटणारा कमीपणा असे साधे विषय असतात. पण ते कुणी विचारावेत आणि कसे, यावर उत्तर अवलंबून असते. “तुम्हाला नैराश्य आहे का?” असे विचारले तर कोणताही शेतकरी नाहीच म्हणेल. “भाऊ, रात्री झोप लागते का? जेवण गोड लागतं का?” असे गावचीच आशाताई ओसरीवर टेकून विचारते तेव्हा दहा वेळा ‘सगळं बरंय’ म्हणणारा माणूस अकराव्या वेळी गप्प होतो, आणि ती गप्प झालेली वेळ ओळखणे हेच तिचे कौशल्य असते. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत याच धर्तीवर विश्राम हा उपक्रम झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सहा पटींनी वाढल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनात दिसले. ऑक्टोबर 2022 पासून टेली मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही मिळते. मन फारच खचलेल्या माणसाने, किंवा त्याच्या घरच्यांनी, हा क्रमांक लावण्यात कमीपणा काहीच नाही.

मुलांच्या बाबतीत मराठवाड्याकडे चांगली सुरुवात आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 500 शाळांत मूल्यवर्धन हा कार्यक्रम सुरू केला आणि तो पुढे राज्यभर गेला. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये भावना ओळखायला व हाताळायला शिकवणाऱ्या 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा मुलांचे वर्तन तर सुधारलेच, अभ्यासातली गतीही वाढलेली दिसली. त्यामुळे ‘हे शिकवत बसलो तर पोर्शन कधी संपवायचा’ ही शिक्षकांची रास्त चिंता थोडी हलकी व्हायला हरकत नसावी.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सोयाबीनला हमीभावापेक्षा कमी दर मिळाला, विम्याची भरपाई लांबली, दुधना किंवा पूर्णेचे पाणी शेतात शिरले, तर त्यावरचा उपाय शेतकऱ्याच्या मनात नसतो, तो धोरणात असतो. आणि खचलेल्या माणसाला मन खंबीर करण्याचे धडे देऊन भावाचा प्रश्न बाजूला सारणे हा त्याच्यावर होणारा दुसरा अन्याय आहे. समुपदेशन आणि बाजारभाव यांपैकी एकाची निवड करायची नसते. भावना वाचण्याची क्षमता नेहमी सद्हेतूनेच वापरली जाते असेही नाही; जादा परताव्याचे आमिष दाखवणारा दलालही समोरच्याची घाई आणि भीती अचूक ओळखतो.

आणखी एक प्रश्न आशाताईंचा आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, अशी ही योजना 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली; लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण यांच्या जोडीला गावाची दुःखे ऐकण्याचे कामही तिच्याकडे आले. अशा कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये भावनिक श्रम हे नाव दिले, आणि हे श्रम शारीरिक श्रमांइतकेच थकवतात, फक्त ते कुठल्या नोंदवहीत येत नाहीत. दुपारी एका ओसरीवर आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाजवळ बसलेली बाई संध्याकाळी आपल्या घरी भाकरी थापते, आणि तिच्या स्वतःच्या रानातही तोच पाऊस पडलेला नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत अहवाल गोळा होतात, आकडे जुळवले जातात, पुढच्या मोहिमेच्या तारखा सांगितल्या जातात. त्याच बैठकीत आशांनी महिनाभरात काय ऐकले आणि त्याचे त्यांच्या मनावर काय झाले, हे एकमेकींना सांगण्यासाठी जाणत्या समुपदेशकाच्या सोबतीने तासभर राखून ठेवणे, याला वेगळा निधी लागत नाही, बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी लागते.