खानदेशातील पदवीस्तरीय मानसशास्त्र: अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक आणि बोलीभाषा

प्रस्तावना

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. तत्पूर्वी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये पुणे विद्यापीठास संलग्न होती. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तेव्हापासून विद्यापीठाचे कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१८ मध्ये विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. मनाच्या चंचलपणावर मराठीतील अत्यंत परिचित अशी कविता रचणाऱ्या या कवयित्रीस अक्षरओळख नव्हती आणि तिची भाषा जळगाव परिसरातील लेवा बोली होती. तिचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात मनाचे शास्त्र कोणत्या भाषेत शिकविले जाते आणि कोणत्या भाषेत मोजले जाते, हा प्रश्न म्हणूनच केवळ औपचारिक नाही.

प्रस्तुत लेखात कला शाखेच्या पदवीस्तरावरील मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे स्वरूप स्पष्ट करून त्यातील प्रात्यक्षिकाच्या घटकाचा विशेष विचार केला आहे. या विषयाचे वेगळेपण प्रात्यक्षिकात आहे, आणि खानदेशातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्याची खरी अडचणही तेथेच आहे.

तत्त्वज्ञानाकडून मानसशास्त्राकडे

भारतीय विद्यापीठांत मानसशास्त्र हा विषय प्रथम तत्त्वज्ञानाच्या विभागात एखाद्या पत्रिकेच्या रूपाने आला. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला, तर म्हैसूर येथे १९२४ मध्ये. पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग १९५० चा. योगायोग असा की, ज्या १९१६ साली कलकत्त्यास मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे होत होते, त्याच साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १९३० च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वचिंतक तेथे संचालक म्हणून होते. मनाविषयीच्या चिंतनाची परंपरा खानदेशास नवी नाही. नवे आहे ते मनाचे मापन. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ मधील. खानदेशात उच्च शिक्षणाचा पाया अशा महाविद्यालयांनी घातला आणि मानसशास्त्र पुढे त्याच कला शाखेच्या चौकटीत रुजले.

अभ्यासक्रमाची रचना

पुणे विद्यापीठाकडून आलेल्या जुन्या रचनेत प्रथम वर्षास सामान्य मानसशास्त्राची एक पत्रिका, द्वितीय वर्षापासून सर्वसाधारण व विशेष अशा दोन स्तरांवरील पत्रिका आणि विशेष विषय घेणाऱ्यांस प्रायोगिक मानसशास्त्र, असा क्रम होता. सामाजिक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, औद्योगिक मानसशास्त्र आणि समुपदेशन हे अशा अभ्यासक्रमांतील परिचित विषय होत. पुढे सत्र पद्धती व श्रेयांक पद्धती आल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसारची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली असून तीत प्रधान विषय, गौण विषय, कौशल्याधारित घटक, कार्यप्रशिक्षण व क्षेत्रीय प्रकल्प अशी विभागणी आहे. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक व चार वर्षांच्या पदवीस १६० ते १७६ श्रेयांक अपेक्षित आहेत.

विद्यार्थ्यांस सर्वाधिक आकर्षण असते ते अपसामान्य मानसशास्त्राचे. विकारांची लक्षणे वाचताना प्रत्येक विकार स्वतःस झाला आहे असे वाटण्याची अवस्था वर्गातील निम्मे विद्यार्थी अनुभवतात, असे गमतीने म्हटले जाते. प्रात्यक्षिकाकडे मात्र पुष्कळदा गुण मिळवून देणारा घटक म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः क्रम उलट असावयास हवा. विकारांची नावे पुस्तकातूनही कळतात. मनोव्यापार मोजता येतो की नाही आणि येत असल्यास किती अचूकतेने, हे प्रयोगाच्या टेबलापाशी बसल्याखेरीज कळत नाही.

प्रात्यक्षिक आणि बोली

प्रयोगात एक विद्यार्थी प्रयोगकर्ता असतो व दुसरा ‘प्रयुक्त’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा ती व्यक्ती. सूचना ठरावीक शब्दांत वाचून दाखविल्या जातात, प्रतिसाद नोंदविले जातात, त्यानंतर प्रयुक्ताचे आत्मनिवेदन घेतले जाते आणि सर्व काही जर्नलमध्ये उतरते. सूचना सर्वांस सारख्याच असाव्यात हा या पद्धतीचा आधार आहे. परंतु सूचना सारखी असणे आणि ती सारखी समजणे या दोन भिन्न गोष्टी होत.

२०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. धुळे, नंदुरबार व जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी, यावल-रावेर पट्ट्यात लेवा, तर सातपुड्याच्या डोंगराळ भागात भिली व पावरी बोलणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने महाविद्यालयांत येतात. यांतील अनेकांच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही शाळेत मिळविलेली दुसरी भाषा आहे. याचा प्रयोगावर काय परिणाम होतो, हे दोन साध्या प्रयोगांवरून पाहता येते.

पहिला प्रयोग शब्दसाहचर्याचा. उद्दीपक शब्द उच्चारताच मनात येणारा पहिला शब्द प्रयुक्ताने सांगावयाचा आणि प्रतिक्रियाकाल विरामघड्याळाने मोजावयाचा असतो. ‘मुलगा’ या शब्दास अहिराणीभाषक प्रयुक्ताने ‘आंडोर’ असा प्रतिसाद दिला, तर ते साहचर्य नव्हे, ते भाषांतर होय. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगाच. प्रयोगकर्ता तो प्रतिसाद ‘समानार्थी शब्द’ या वर्गात घालतो आणि निष्कर्ष चुकतो. त्याहून सूक्ष्म अडचण वेळेची आहे. प्रयुक्ताने मनात आलेला अहिराणी शब्द दाबून त्याऐवजी प्रमाण मराठी शब्द शोधला, तर त्या शोधाचा वेळही प्रतिक्रियाकालात मिळतो. जर्नलमध्ये मात्र वाढलेला प्रतिक्रियाकाल भावनिक अडथळ्याचे लक्षण म्हणून नोंदविला जातो. वर्गात आपल्या बोलीतील शब्द उच्चारण्याचा संकोच ही वेगळीच भावना आहे आणि ती सूचीतील कोणत्याही शब्दाशी निगडित नाही.

दुसरा प्रयोग स्मरणाचा. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निरर्थक शब्दावयवांचा उपयोग केला, तो पूर्वज्ञानाचा परिणाम टाळण्यासाठी. मराठी प्रात्यक्षिकासाठी अशा अवयवांची सूची तयार करताना ते प्रमाण मराठीत निरर्थक आहेत ना, एवढेच पाहिले जाते. ‘जास’ किंवा ‘लेस’ यांसारखा अवयव सूचीत आला, तर पुण्याच्या विद्यार्थ्यास पहिला निरर्थक व दुसरा फार तर झालरीची आठवण देणारा वाटेल. शिरपूरच्या विद्यार्थ्यास मात्र पहिल्याचा अर्थ ‘जातो’ व दुसऱ्याचा ‘घेतो’ असा तत्काळ लागेल. त्याचे स्मरण अधिक चांगले ठरेल आणि त्याचे श्रेय त्याच्या स्मरणशक्तीस दिले जाईल. हा दोष दूर करणे मुळीच खर्चिक नाही. सूची वापरण्यापूर्वी वर्गातील अहिराणी, लेवा, भिली व पावरी भाषक विद्यार्थ्यांकडून ती वाचून घेणे आणि अर्थपूर्ण ठरलेले अवयव वगळणे, एवढे पुरेसे आहे. शिवाय सार्थकता ही भाषासापेक्ष असते हा धडा त्या अर्ध्या तासात जितका पक्का होतो, तितका व्याख्यानाने होत नाही.

भाषेचा संबंध नसलेले प्रयोग तरी सार्वत्रिक मानावेत काय? म्युलर-लायर दृष्टिभ्रमाचा प्रयोग पदवी वर्गात हमखास केला जातो. बाणाग्रांच्या दिशेमुळे समान लांबीच्या रेषा असमान भासतात. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील तोडा लोकांवर हाच प्रयोग केला आणि इंग्रज प्रयुक्तांच्या तुलनेत त्यांच्या ठिकाणी भ्रमाचे प्रमाण कमी असल्याचे १९०५ मध्ये नमूद केले. पुढे १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल व हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांची तुलना करून काटकोनी बांधकामाच्या परिसरात वाढण्याशी या भ्रमाचा संबंध जोडला. त्या स्पष्टीकरणाविषयी मतभेद आहेत. सातपुड्यातील विद्यार्थ्यांबाबतही असाच फरक आढळेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. परंतु भारतातच झालेल्या या प्रयोगाचा उल्लेख करून वर्गातील आकडे गटवार मांडून पाहणे सहज शक्य आहे.

कसोट्या व त्यांची मानके

प्रयोगांपेक्षा मानसशास्त्रीय कसोट्यांची स्थिती अधिक बिकट आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील पुष्कळशा कसोट्या आग्र्याहून प्रकाशित झालेल्या व हिंदीत असतात. चंद्रमोहन भाटिया यांची १९५५ मधील कृतिकसोटीमाला उत्तर प्रदेशातील ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांवर प्रमाणित झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, साक्षर व निरक्षर मुलांचा तीत स्वतंत्र विचार केला गेला. हा विचार आजही अनुकरणीय आहे, मात्र ती मानके खानदेशातील विशीच्या विद्यार्थिनीस लावणे हा त्या विचाराचाच अनादर होय.

मराठीपुरते पाहता या प्रश्नाची जाणीव जुनी आहे. आल्फ्रेड बिने यांची बुद्धिकसोटी १९०५ ची. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तिचे कानडी व मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ शब्द बदलून भागत नाही, प्रश्नांची काठिण्यपातळी त्या त्या भाषेतील मुलांवर पुन्हा तपासावी लागते, ही गोष्ट त्या कार्यातून स्पष्ट होते. आज अनेक ठिकाणी घडते ते नेमके उलट. हिंदी प्रश्नावलीचे अध्यापक किंवा विद्यार्थी वर्गात तोंडी मराठीकरण करतात, गुण मात्र मूळ हस्तपुस्तिकेतील तक्त्यावरून काढतात. व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीतील नकारार्थी विधानास ‘नाही’ असे उत्तर देताना होणारा गोंधळ अशा तोंडी भाषांतरात दुणावतो. परिणामी एखादी विद्यार्थिनी ‘चिंताग्रस्त’ अथवा ‘अंतर्मुख’ ठरते आणि तसे तिच्या वर्गमैत्रिणीच्या जर्नलमध्ये लिहिले जाते. मागील वर्षीच्या जर्नलवरून आकडे उतरवून घेण्याची प्रथा निंद्य आहेच. पण प्रामाणिकपणे मिळविलेला आणि चुकीच्या तक्त्यावर तपासलेला आकडा कमी घातक असतो असे नाही.

पदवी आणि व्यवसायाची पात्रता

यास आता सामाजिक संदर्भही आला आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. राज्याची ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये खानदेशापासून दूर आहेत. अशा वेळी मानसशास्त्राचा स्थानिक पदवीधर हाच समुपदेशक, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. कायदा तसे मानत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मधील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत पदव्युत्तर पदवी व त्यापुढील पर्यवेक्षित चिकित्सालयीन प्रशिक्षण येते आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या अधिनियमात आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीस किमान ३६०० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. एक श्रेयांक म्हणजे १५ तास तात्त्विक अध्यापन असे धरल्यास १३२ श्रेयांकांचे १९८० तास होतात, आणि त्यांतील एक भागच मानसशास्त्राचा असतो. प्रात्यक्षिकाचे तास दुप्पट धरले तरी अंतर भरून निघत नाही.

याच अधिनियमाच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह काही विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबविले. नोकरी वा घरकाम सांभाळून हा विषय शिकणाऱ्यांचा एक मार्ग त्यामुळे बंद झाला. नियमित महाविद्यालयांतील विभागांवरील जबाबदारी त्या प्रमाणात वाढली आहे. प्रवेशाच्या वेळीच ही पदवी समुपदेशनाचा परवाना नसून निरीक्षण, मापन व नोंद यांचे प्राथमिक प्रशिक्षण आहे, असे पालकांस व विद्यार्थ्यांस सांगितले जावे. प्रवेशसंख्या घटेल या भीतीने हे सांगणे टाळले जात असल्यास त्याची किंमत तीन वर्षांनंतर विद्यार्थी मोजतो.

क्षेत्रीय प्रकल्पाची संधी

नव्या रचनेतील क्षेत्रीय प्रकल्प या संदर्भात उपयुक्त ठरू शकतो. एखाद्या लहान प्रश्नावलीचे, प्रकाशकाची लेखी अनुमती घेऊन, अहिराणीत रूपांतर करणे. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या गटाकडून त्याचा प्रमाण मराठीत उलट-अनुवाद करून घेणे. दोहोंतील तफावत तपासणे. आणि दोन आठवड्यांच्या अंतराने तीच प्रश्नावली पुन्हा देऊन विश्वसनीयता काढणे, एवढे काम पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. सप्रमाणतेचा प्रश्न अधिक अवघड असून तो पदवीस्तरावर सुटावा अशी अपेक्षा नाही. एकाच महाविद्यालयाचा नमुना मानके ठरविण्यास अपुरा असतो. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील विभागांनी एकच प्रश्नावली, एकाच सूचनांसह, सलग काही वर्षे वापरली आणि प्रत्येक प्रयुक्ताची घरची भाषा, तालुका व वय यांची नोंद नावाविना ठेवली, तर मात्र उपयोगी सामग्री जमा होईल. एकच अध्यापक असलेल्या विभागासही त्यात भाग घेता येईल, कारण त्याच्या वाट्यास येणारे काम मोजके आहे.

तोपर्यंत जर्नलच्या पहिल्या पानावर प्रयुक्ताचे वय, लिंग व शिक्षण यांच्या जोडीस ‘घरी बोलली जाणारी भाषा’ हा आणखी एक रकाना घालता येईल. बहिःस्थ परीक्षकाने तोंडी परीक्षेत त्यावर एक प्रश्न विचारला, तरी विद्यार्थी तो रकाना भरू लागतील.