कल्पनाच्या नावाचे मालवाहू यान

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसे राहतात. त्यांचे अन्न, कपडे, यंत्रांचे सुटे भाग इथूनच पोचवावे लागतात. अमेरिकेची नासा संस्था हे काम खाजगी कंपन्यांकडून करून घेते.

नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीचे 'सिग्नस' हे असेच एक यान. त्यात चालक नसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सुटलेल्या सिग्नसला कर्नालच्या कल्पना चावलाचे नाव दिले होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना 'कोलंबिया' यान तुटले. कल्पना व तिचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले.

तिच्या नावाच्या यानाने सुमारे साडेतीन टन माल नेला. त्यात हवेच्या ओढीने मैला खेचणारे नवे शौचालयही होते. माल उतरल्यावर यानात कचरा भरला आणि जानेवारी २०२१ मध्ये ते कचऱ्यासह वातावरणात जळून गेले. त्याची रचनाच तशी असते.

२०१४ साली एका सिग्नसला नेणाऱ्या रॉकेटचा उड्डाणानंतर काही सेकंदांतच स्फोट झाला. माल गेला, पण जीवितहानी झाली नाही. आत कोणी नव्हतेच. वाचकहो, धोक्याचे आणि घाणीचे काम माणसाच्या माथी न मारता यंत्राकडे सोपवणे, हाच विज्ञानाचा खरा उपयोग. मुलामुलींना कल्पनाची गोष्ट सांगताना हेही जरूर सांगा.