सबुरीचा सप्टेंबर

इंग्लंडमध्ये क्रिकेटचा हंगाम एप्रिलच्या गारठ्यात सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पुन्हा गारठा पडू लागला की संपतो. काउंटी स्पर्धेचे चार दिवसांचे सामने त्या महिन्यात सकाळी साडेदहालाच सुरू करतात, कारण संध्याकाळी उजेड लवकर जातो. गवतावर दव असते, नवा चेंडू हवेत वळतो, आणि प्रेक्षकांत बहुतेक मंडळी पिकल्या केसांची. अंगात स्वेटर, थर्मासमध्ये चहा, मांडीवर धावफलकाची वही आणि हातात पेन्सिल. आयपीएलच्या रोषणाईची सवय झालेल्याला हे क्रिकेट ओळखूही येणार नाही. पण या मंडळींसाठी सप्टेंबर म्हणजे वर्षाचा हिशेब. कोण जिंकले एवढाच तो हिशेब नसतो. पुढच्या एप्रिलला या मैदानावर कोण दिसणार आणि कोण नाही, हेही याच महिन्यात ठरते.

काउंटी म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा किंवा परगणा. आपल्याकडे रणजी करंडकात मुंबई, विदर्भ, बडोदा हे संघ खेळतात, तसे तिकडे यॉर्कशर, लँकशर, सरे, केंट. अधिकृत काउंटी अजिंक्यपद स्पर्धा 1890 मध्ये सुरू झाली. आज तिच्यात 18 संघ आहेत आणि 2000 पासून त्यांच्या दोन श्रेणी केलेल्या आहेत. विजयाला 16 गुण मिळतात, शिवाय पहिल्या डावात किती धावा केल्या, किती बळी घेतले, यावर जादा गुण. सप्टेंबरात वरच्या श्रेणीतले तळाचे दोन संघ खाली उतरतात, खालच्या श्रेणीतले पहिले दोन वर चढतात. म्हणूनच तळातल्या संघाच्या शेवटच्या जोडीने काढलेल्या वीस धावा कधीकधी शतकापेक्षा मोलाच्या ठरतात.

काउंटीच्या खाली गावोगावच्या क्लबांचे क्रिकेट आहे. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या क्लबांची लीग 1888 सालची, जगातली सर्वांत जुनी क्रिकेट लीग. आठवडाभर नोकरीधंदा करणारी माणसे शनिवारी पांढरे कपडे चढवून उतरतात. दोन डावांच्या मध्ये चहा आणि सँडविच. क्लबांचा हंगाम काउंटीच्या थोडा आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपतो. पण दोघांची नाळ एकच. शनिवारी क्लबकडून चांगला खेळलेला मुलगा काउंटीच्या दुसऱ्या संघात बोलावला जातो, तिथून पहिल्या संघात. त्यामुळे जुना जाणता प्रेक्षक दोन्हीकडे लक्ष ठेवून असतो.

ही नाळ बघायची तर वुस्टर या गावात बघावी. नाव लिहिताना ते ‘वॉर्सेस्टर’ असे लांबलचक होते, बोलताना फक्त वुस्टर. सेव्हर्न नदीच्या काठी न्यू रोड हे मैदान आहे आणि पलीकडच्या काठावर जुने कॅथेड्रल. हिवाळ्यात नदीला पूर आला की पाणी थेट खेळपट्टीवर येते. 2007 मध्ये तर भर हंगामात, जुलैत, पूर आला आणि घरचे सामने दुसरीकडे न्यावे लागले. 2024 च्या वसंतातही सुरुवातीचे सामने जवळच्या किडरमिन्स्टर क्लबच्या मैदानावर झाले. पाणी ओसरले की माळी गाळ काढतात, गवत पुन्हा लावतात आणि उन्हाळ्यात खेळ उभा राहतो.

या मैदानाचा भारताशी संबंध जुना. मन्सूर अली खान पतौडींचे वडील इफ्तिखार अली खान 1930 च्या दशकात वुस्टरशरकडून खेळले. कपिलदेव 1984 आणि 1985 मध्ये इथे होता. पण क्लबच्या मैदानातून काउंटीपर्यंत आणि तिथून इतिहासापर्यंत पोहोचलेला इथला सर्वांत मोठा माणूस म्हणजे बेसिल डॉलिव्हिएरा.

डॉलिव्हिएरा केपटाऊनचा. वर्णभेदी राजवटीत त्याला ‘रंगीत’ या वर्गात टाकलेले, म्हणून देशाच्या संघाचे दार त्याच्यासाठी कायमचे बंद. त्याने इंग्लंडमधले समालोचक जॉन आर्लट यांना पत्र लिहिले आणि आर्लट यांनी खटपट करून 1960 मध्ये मँचेस्टरजवळच्या मिडलटन क्लबमध्ये त्याला एका हंगामाची नोकरी मिळवून दिली. प्रवासाच्या खर्चासाठी केपटाऊनच्या वस्तीने पैसे जमवले. सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. मॅटिंगवर खेळलेल्या माणसाला ओल्या, संथ खेळपट्ट्या जमेनात. क्लबने त्याला तिथेच निरोप दिला असता तर नवल नव्हते. पण क्लब थांबला, तोही टिकला, आणि हंगाम संपला तेव्हा त्या लीगच्या फलंदाजांत सरासरीत तो अव्वल होता. 1964 मध्ये वुस्टरशरने त्याला घेतले. 1965 मध्ये काउंटीने अजिंक्यपद जिंकले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडकडून कसोटी खेळला.

मग आला 1968 चा हंगाम-अखेर. ऑगस्टमध्ये ओव्हल कसोटीत त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 धावा केल्या. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी निवडलेल्या संघात त्याचे नाव नव्हते. ही बातमी आली तेव्हा तो न्यू रोडवर वुस्टरशरकडून खेळत होता. त्याच डावात शतक ठोकून परतलेल्या या माणसाने तंबूत रेडिओवर नावे ऐकली, आणि त्यांत आपले नाव नाही हे कळल्यावर तो कोसळला. सप्टेंबरात एक गोलंदाज दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी डॉलिव्हिएरा निवडला गेला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर यांनी असा संघ स्वीकारायला नकार दिला आणि दौरा रद्द झाला. 1970 नंतर दक्षिण आफ्रिका दोन दशके कसोटी क्रिकेटच्या बाहेर राहिली. डॉलिव्हिएरा मात्र वुस्टरशरकडूनच खेळत राहिला. पुढे त्याचा मुलगा आणि नातूही त्याच काउंटीकडून खेळले, आणि नातू ब्रेट तर कर्णधारही झाला.

याच न्यू रोडवर 2006 मध्ये आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आला. नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या या पट्ट्यातून तो मुंबईला इंजिनीअर व्हायला गेला आणि सुधीर नाईक यांच्या क्लबमध्ये गोलंदाज झाला. 2006 मध्ये तो भारतीय संघाबाहेर होता. वय 27, अंगावर दुखापतींचे वळ, आणि नवे वेगवान गोलंदाज रांगेत उभे. अशा वेळी वुस्टरशरने त्याला करारबद्ध केले. पदार्पणाच्या सामन्यातच त्याने दहा बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एका डावात पडलेले पहिले नऊही बळी त्याचेच. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला. हंगामाअखेर 16 सामन्यांत 78 बळी त्याच्या नावावर होते आणि वुस्टरशर वरच्या श्रेणीत गेले.

त्या बळींपेक्षा महत्त्वाचे होते ते रोजचे काम. काउंटीत एक सामना संपला की गाडीत बसायचे, दुसऱ्या गावी जायचे, पुन्हा चार दिवस गोलंदाजी. रिकामी स्टँड, ढगाळ हवा, तीच लांबी, तीच दिशा. धाव आखूड करायची, दिवसाला वीस षटके टाकूनही दुसऱ्या दिवशी उभे राहायचे. त्या वर्षाच्या शेवटी झहीर भारतीय संघात परतला. 2007 मध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि भारताने 1986 नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. श्रीरामपूरपासून शिर्डी फार लांब नाही. श्रद्धा आणि सबुरी हे दोन शब्द त्या भागात दुकानांच्या पाट्यांवर आणि ट्रकच्या मागेही दिसतात. सबुरी मूळ अरबी ‘सब्र’मधून आली आणि मराठीत अशी रुळली की तिचे मूळ कुणी विचारत नाही. झहीरचा तो हंगाम हा या शब्दाचा अर्थच होता.

2006 संपता संपता बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागातला एक तरुण शेजारची वॉरिकशर काउंटी सोडून वुस्टरला आला. त्याचे नाव मोईन अली. स्पार्कहिल म्हणजे पाकिस्तानातून, विशेषतः मीरपूरकडून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती. मोईन तिथल्याच मोझली अ‍ॅशफील्ड क्लबमध्ये खेळून वर आला. इंग्लंडच्या संघात जागा मिळायला त्याला 2014 उजाडले. त्याआधीचा 2013 चा हंगाम त्याने धावांनी भरून काढला आणि हंगामाअखेर काउंटी खेळाडूंच्या संघटनेने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. त्या वर्षी रमजान जुलै-ऑगस्टमध्ये होता. इंग्लंडच्या उन्हाळ्यात सहेरी रात्री तीनच्या आत उरकते आणि इफ्तार होतो रात्री नऊनंतर. रोजा ठेवूनही आपण खेळतो, हे मोईनने नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. इस्लामी महिने चंद्रावर चालत असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2008 मध्ये तो जवळजवळ पूर्ण सप्टेंबरभर होता. त्याच महिन्यात, 1992 मध्ये स्पर्धेत आलेल्या डरहॅमने पहिले अजिंक्यपद मिळवले.

मोईनचे यश मोठे आहे, पण ते अपवादासारखे दिसते, आणि खरी चिंता तिथेच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये क्लब पातळीवर क्रिकेट खेळणाऱ्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका इथली मुळे असलेली मुले सुमारे तीस टक्के भरतात. काउंटीच्या करारबद्ध खेळाडूंत मात्र त्यांचे प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. 2021 मध्ये अझीम रफिक या माजी यॉर्कशर खेळाडूने संसदीय समितीपुढे आपले अनुभव मांडले आणि 2023 मध्ये स्वतंत्र आयोगाच्या अहवालाने इंग्लिश क्रिकेटमध्ये वंशभेद खोलवर असल्याचे नमूद केले. बागेत, क्लबमध्ये खेळणाऱ्या या मुलांसाठी सप्टेंबर दरवर्षी सारखाच असे: क्लबकडून धावा पुष्कळ, काउंटीकडून निरोप काहीच नाही.

यावर बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठातल्या संशोधनातून एक उपाय निघाला. करार नसलेल्या अशा मुलांना सराव द्यायचा, काउंटीच्या दुसऱ्या संघांशी त्यांचे सामने लावायचे आणि प्रशिक्षकांनी त्यांना खेळताना बघावे अशी सोय करायची. या साउथ एशियन क्रिकेट अकादमीतून काउंटीचा करार मिळवणारा पहिला खेळाडू काशिफ अली. साल 2022, काउंटी वुस्टरशर. त्याच्यानंतर इतरांनाही वेगवेगळ्या काउंटींनी घेतले. ही मुले एका वर्षात नव्याने शिकलेली नव्हती. खेळ त्यांच्याकडे आधीपासून होता. कुणीतरी बघायला आले, एवढाच फरक पडला.

वुस्टरपासून दक्षिणेला, सॉमरसेटच्या टाँटन गावात, सबुरीची दुसरी तऱ्हा आहे. सॉमरसेट 1891 पासून स्पर्धेत आहे आणि अजिंक्यपद एकदाही मिळालेले नाही. 2016 मध्ये आपला शेवटचा सामना जिंकून त्यांचे खेळाडू टाँटनला टीव्हीसमोर बसले होते. लॉर्ड्सवर मिडलसेक्स-यॉर्कशर सामना अनिर्णित राहिला असता तर विजेतेपद त्यांचे होते. पण अखेरच्या संध्याकाळी टोबी रोलँड-जोन्सने हॅट्ट्रिक घेतली आणि करंडक मिडलसेक्सने नेला. 2019 मध्ये शेवटचा सामना टाँटनलाच होता, एसेक्सविरुद्ध. बहुतेक खेळ पावसाने धुतला आणि एसेक्स विजेते ठरले. त्या दिवशी 27 हंगाम खेळून निवृत्त होणारा मार्कस ट्रेस्कोथिक अखेरच्या क्षणी बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात उतरला आणि सारे मैदान उभे राहिले. तीच माणसे पुढच्या एप्रिलच्या सामन्यांची वाट बघू लागली.

2025 च्या सप्टेंबरने वुस्टरला दोन्ही गोष्टी एकदम दिल्या. एकदिवसीय करंडक त्यांनी अंतिम सामन्यात हँपशरला हरवून जिंकला, आणि चार दिवसांच्या स्पर्धेत तळाला राहून ते खालच्या श्रेणीत गेले. त्याच महिन्यात, आदल्या वर्षी अजिंक्य रहाणे ज्या लेस्टरशरकडून खेळला होता तो संघ दोन दशकांहून अधिक काळानंतर वरच्या श्रेणीत चढला.

सबुरी ठेवा, असे सांगणे सोपे असते. डॉलिव्हिएरा, झहीर, मोईन आणि काशिफ यांनी ती ठेवली, पण चौघांच्याही गोष्टीत दुसरे कुणीतरी आहे: पत्राला उत्तर देणारा समालोचक, संघाबाहेरच्या गोलंदाजाला करार देणारी काउंटी, शेजारच्या गावच्या मुलाला सामावून घेणारा संघ, क्लबच्या सामन्यापर्यंत चालत जाणारा प्रशिक्षक. वाट बघणाऱ्याची सबुरी तेव्हाच फळते, जेव्हा आतला माणूस दाराची कडी काढतो. सेव्हर्नचे पाणी हिवाळ्यात न्यू रोडवर चढेल आणि मार्चपर्यंत उतरेल. एप्रिलच्या पहिल्या सकाळी संघांची यादी फलकावर लागेल, तेव्हा पेन्सिल घेऊन बसलेली मंडळी धावांच्या आधी नावे वाचतील.